सुडोकूतला घोडा, राजा आणि शेजारी

सुडोकूचे मूळ नियम तीन आहेत. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि तीन गुणिले तीनच्या प्रत्येक चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यायला हवेत. या तिन्ही नियमांवर आणखी एखादा, कधी दोन-तीन नियम चढवून रचलेली कोडी मी गेली काही वर्षे नेमाने सोडवते आहे. ज्यांना वर्तमानपत्रातले सुडोकू आता हातासरशी सुटते आणि म्हणूनच तेच ते वाटू लागले आहे, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मी ही वाट कशी चालले ते लिहिते आहे.

आमचे घर बडोद्यात, दांडिया बाजारात आहे. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सकाळी मराठी आणि गुजराती अशा दोन्ही वर्तमानपत्रांतली सुडोकू सोडवण्याचा माझा परिपाठ होता, कारण या कोड्याला भाषा लागत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणारी माझी भाची एके दिवशी म्हणाली, ‘‘आत्या, तू हे सोडवत नाहीस, नुसतं भरतेस.’’ तिचे म्हणणे मला तेव्हाच पटले. वर्तमानपत्रात येणारी बहुतेक कोडी संगणकावर तयार झालेली असतात. ती सोडवताना कुठे कोणता अंक राहिला आहे हे हुडकायचे असते, आणि सराव झाला की डोळेच ते काम करू लागतात, डोक्याला फारसे काही उरत नाही. भाचीने माझ्यापुढे जे पहिले छापील पान ठेवले त्यावर अंक अगदी मोजके होते आणि वर चार ओळींचे नियम लिहिलेले होते. ते नियम मी अंकांच्या आधी वाचावेत, असा तिचा आग्रह होता. पुढे जे काही शिकले त्याचे मूळ या आग्रहात आहे.

सुरुवात कर्णांच्या सुडोकूने झाली. त्यात चौकोनाच्या दोन्ही मुख्य कर्णांवरही १ ते ९ अंक एकेकदा यावे लागतात. यात एक गोष्ट चटकन लक्षात येते. चौकोनाचे अगदी मधले घर दोन्ही कर्णांवर असल्यामुळे तिथला अंक कोपऱ्यांतल्या चारही चौकटींमध्ये कर्णाच्या घरांतून एकदम बाद होतो. यापलीकडे या प्रकारावर फार वेळ घालवावा असे मला वाटत नाही. वेड्यावाकड्या तुकड्यांचे सुडोकू आणि चार जादा चौकटींचे सुडोकू हेही असेच आहेत. त्यांत पाहायचे गट बदलतात किंवा वाढतात, पण विचाराची पद्धत तीच राहते.

खरा बदल घडला तो बुद्धिबळाच्या नियमांनी. घोड्याच्या चालीने एकमेकांपासून अडीच घरे दूर असलेल्या दोन घरांत एकच अंक चालणार नाही, असा एक नियम असतो. राजाच्या चालीने, म्हणजे तिरक्या शेजारच्या घरातही तोच अंक चालणार नाही, असा दुसरा. शेजारच्या गुजराती बेन संध्याकाळी आमच्याकडे बसायला येतात. त्यांनी माझ्या हातातले पान पाहून विचारले, ‘‘घोडो तो अढी घर चाले ने? तो अहीं केम?’’ (घोडा तर अडीच घरे चालतो ना? मग इथे कसा?) त्यांना समजावून सांगताना मला स्वतःलाच हा नियम नीट उलगडला. चौकटीच्या आत घोड्याच्या नियमाला काहीच काम नसते, कारण तिथे नऊही अंक वेगळे असणारच. तो बोलू लागतो ते चौकटीची सीमा ओलांडल्यावर. राजाच्या नियमाचेही तसेच आहे. आडवा आणि उभा शेजार ओळ-स्तंभांनी आधीच सांभाळलेला असतो, त्यामुळे हा नियम फक्त तिरक्या शेजाऱ्यांपुरता आणि तोही चौकटींच्या कडांवरच लागू पडतो. नवा नियम हाती आला की तो कुठे चालतो यापेक्षा तो कुठे चालतच नाही हे आधी ठरवावे, ही सवय मला इथून लागली.

एक उदाहरण कागद घेऊन करून पाहण्यासारखे आहे. रिकाम्या चौकोनाच्या अगदी मधल्या घरात, म्हणजे पाचव्या ओळीच्या पाचव्या घरात, ५ लिहा. साध्या सुडोकूत या ५ मुळे वरच्या मधल्या चौकटीतला फक्त मधला स्तंभ बाद होतो, आणि ५ साठी सहा घरे उरतात. घोड्याचा नियम लावला की तिसऱ्या ओळीतली चौथी आणि सहावी ही दोन घरेही जातात. मग वरच्या चौकटीत ५ साठी पहिल्या-दुसऱ्या ओळींतली, चौथ्या आणि सहाव्या स्तंभांतली मिळून चारच घरे शिल्लक राहतात. खाली, डावीकडे आणि उजवीकडेही अगदी हेच घडते, कारण चौकटीच्या मध्यावरून घोड्याच्या आठही चाली चौकटीबाहेर, प्रत्येक बाजूच्या चौकटीत दोन अशा पडतात. एकच अंक लिहिला आणि चार चौकटींतून आठ जादा शक्यता पुसल्या गेल्या. जे बंधन म्हणून वाचले होते ते माहिती म्हणून हाती आले.

तिसरा नियम शेजाऱ्यांचा. आडव्या किंवा उभ्या लगतच्या घरांत क्रमाने येणारे अंक नकोत, म्हणजे ४ च्या शेजारी ३ किंवा ५ चालणार नाही. मला हा नियम सर्वांत आवडतो, कारण त्याच्यामुळे अंकांना स्वभाव येतो. साध्या सुडोकूत १ ते ९ च्या जागी नऊ अक्षरे किंवा नऊ रंग घातले तरी काही बिघडत नाही. इथे मात्र ५ ला दोन वैरी आहेत, तर १ ला आणि ९ ला एकेकच. चौकटीच्या मधल्या घरात ५ असेल तर ४ आणि ६ त्याच्या चार लगतच्या घरांत बसूच शकत नाहीत, ते कोपऱ्यांतच जायला हवेत. मधल्या घरात १ असेल तर अशी सक्ती एकट्या २ वर येते. एखाद्या चौकटीतल्या आडव्या तीन घरांत १, २ आणि ४ येणार हे कळले, तर मध्ये ४ च असणार, कारण १ आणि २ यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा तोच आहे. त्याच तीन घरांत १, २ आणि ३ मात्र कोणत्याही क्रमाने बसत नाहीत. असे छोटे निष्कर्ष आधी सावकाश, कागदाच्या कडेला लिहून काढावे लागतात, आणि मग कधीतरी ते न लिहिताही दिसू लागतात.

हे तिन्ही नियम एकत्र आणणारे एक कोडे २०२० साली गाजले. मिचेल ली या रचनाकाराने ते रचले होते आणि ब्रिटनच्या सायमन अँथनी यांनी कॅमेऱ्यासमोर ते सोडवले, तेव्हा जगभरच्या लोकांनी ते पाहिले. त्यात छापील अंक दोनच आहेत. पाचव्या ओळीच्या तिसऱ्या घरात १ आणि सहाव्या ओळीच्या सातव्या घरात २. हा आकडा किती अद्भुत आहे ते कळण्यासाठी एक पार्श्वभूमी हवी. साध्या सुडोकूचे उत्तर एकमेव राहण्यासाठी किमान १७ अंक छापावे लागतात, त्याहून कमी चालत नाहीत, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाने सगळ्या शक्यता तपासून दाखवले होते. इथे त्या सतरातले पंधरा अंक नियमांनीच भरून काढले आहेत.

ज्यांना हे कोडे स्वतः सोडवायचे आहे त्यांनी हा परिच्छेद वगळावा, इतरांसाठी त्याची सुरुवात सांगते. मधल्या चौकटीत २ कुठे जाईल ते पाहू. सहावी ओळ गेली, कारण तिथे छापील २ आहे. पाचव्या ओळीतले सहावे घर राजाच्या चालीने जाते. पाचव्या ओळीतले पाचवे आणि चौथ्या ओळीतले सहावे ही दोन्ही घरे घोड्याच्या चालीने जातात. पाचव्या ओळीतले चौथे घर छापील १ ला लागून आहे, म्हणून तिथे शेजाऱ्यांच्या नियमाने २ येऊ शकत नाही. उरली ती चौथ्या ओळीतली दोन घरे, चौथे आणि पाचवे. त्यांतले कोणते हे अजून कळलेले नाही, पण चौथ्या ओळीचा २ मधल्या चौकटीत आहे एवढे पक्के झाले. आता डावीकडच्या चौकटीकडे वळावे. तिथे २ चौथ्या ओळीत नाही, सहाव्या ओळीतही नाही, म्हणजे पाचव्या ओळीत आहे. तिसऱ्या घरात १ बसलेला आहे, दुसरे घर त्याला लागून आहे, म्हणून पाचव्या ओळीच्या पहिल्या घरात २. दोन अंकांवरून तिसरा अंक निघाला, आणि त्यात कुठेही अंदाज नव्हता. मी हा टप्पा गाठला तेव्हा भाचीला हाक मारून बोलावले होते. पूर्ण उत्तर हाती आल्यावर तर आणखी एक गोष्ट दिसते. पहिली ओळ ४८३७२६१५९ अशी येते आणि बाकीच्या आठही ओळी म्हणजे हीच माळ कुठून तरी सुरू करून गोल फिरवलेली असते. या माळेत लगतच्या दोन अंकांत कुठेही चारपेक्षा कमी फरक नाही. एवढी शिस्त तीन साध्या नियमांच्या पोटात होती, याचे मला अजूनही नवल वाटते.

बेरजेची कोडी त्यामानाने वेगळ्या वळणाची आहेत. किलर सुडोकूत तुटक रेषांनी पिंजरे आखलेले असतात आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात त्यातल्या अंकांची बेरीज दिलेली असते. एका पिंजऱ्यात अंक पुन्हा येत नाही. दोन घरांत १७ म्हटले की ८ आणि ९, तीन घरांत ७ म्हटले की १, २ आणि ४, तीन घरांत २३ म्हटले की ६, ८ आणि ९, ही समीकरणे पाढ्यांसारखी तोंडी यायला हवीत, तरच पुढचा विचार करायला मन मोकळे राहते. पण या प्रकाराचा कणा आहे ४५ हा आकडा. १ ते ९ ची बेरीज ४५ असल्यामुळे प्रत्येक ओळीची, स्तंभाची आणि चौकटीची बेरीज आपल्याला न सांगताच ठाऊक असते. डावीकडची वरची चौकट व्यापणाऱ्या सगळ्या पिंजऱ्यांची बेरीज ५२ भरली आणि त्यांतले एकच घर चौकटीबाहेर डोकावत असले, तर त्या घरात ७ आहे हे लगेच लिहिता येते. हिशेबात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण या कोड्यांत मी भाचीच्या पुढे असते. तिला रेषांची कोडी जास्त भावतात.

रेषांचे प्रकार अनेक आहेत. थर्मामीटरच्या आकाराच्या रेषेवर अंक फुग्यापासून टोकाकडे चढत जातात. सहा घरांचा थर्मामीटर असेल तर फुग्यात ४ पेक्षा मोठा आणि टोकाला ६ पेक्षा लहान अंक येऊ शकत नाही, एवढे पाहताक्षणी कळते. बाणाच्या प्रकारात बाणावरच्या अंकांची बेरीज बाणाच्या मुळाशी असलेल्या वर्तुळात येते. बाण तीन घरांचा असला आणि ती तिन्ही घरे एकाच चौकटीत असली तर ती बेरीज किमान ६ असणार. माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो जर्मन व्हिस्पर्स या हिरव्या रेषेवर. तिच्यावरच्या लगतच्या अंकांत किमान ५ चा फरक असावा लागतो. यातून पहिला निष्कर्ष निघतो तो असा की ५ या रेषेवर कधीच येत नाही, कारण त्याच्यापासून ५ ने दूर असलेला अंक १ ते ९ मध्ये नाहीच. दुसरा, रेषेवर लहान आणि मोठे अंक आळीपाळीने येतात, त्यामुळे एका घराचा कल कळला की सबंध रेषेचा कळतो. तिसरा निष्कर्ष मात्र मला बऱ्याच कोड्यांनंतर सुचला आणि त्याचा आनंद निराळाच होता. ४ चा संसार फक्त ९ शी जमतो, म्हणून रेषेच्या अधल्यामधल्या घरात ४ यायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना ९ हवेत. ती दोन्ही घरे एकाच ओळीत, स्तंभात किंवा चौकटीत असतील तर तिथे दोन ९ चालत नाहीत, म्हणून मधे ४ ही येऊ शकत नाही. ६ आणि १ यांचेही तसेच.

या सगळ्या प्रकारांत वारंवार उपयोगी पडलेले एक सत्य साध्या सुडोकूतही असते, पण तिथे ते कुणी शोधायला जात नाही. मधल्या चौकटीभोवती जी सोळा घरांची कडी असते तिच्यात नेमके तेच अंक, तितक्याच वेळा येतात, जे चौकोनाच्या चार कोपऱ्यांतल्या दोन गुणिले दोनच्या सोळा घरांत येतात. फिस्टोमेफेल या टोपणनावाच्या जर्मन रचनाकारावरून या कडीला नाव पडले आहे. पटवून घ्यायचे तर तिसरी ओळ, सातवी ओळ, मधली डावी चौकट आणि मधली उजवी चौकट यांना एक रंग द्यावा आणि पहिल्या, दुसऱ्या, आठव्या आणि नवव्या स्तंभांना दुसरा. दोन्ही रंगांत १ ते ९ चे चार-चार संच आहेत. दोन्ही रंग लागलेली घरे दोन्हीकडून वगळली की एकीकडे ती कडी उरते आणि दुसरीकडे चार कोपरे. मी हे रंगीत पेन्सिलींनी स्वयंपाकघराच्या टेबलावर करून पाहिले, आणि शेजारच्या बेननी तो कागद त्यांच्या नातवाला दाखवायला नेला.

आमच्या घरात एका मुद्द्यावर मतभेद आहेत. अडल्यावर एखाद्या घरात दोनपैकी एक अंक गृहीत धरून पुढे जावे आणि विसंगती आली तर परत फिरावे, हे भाचीला गैर वाटत नाही. ती स्पर्धांची तयारी करते आणि स्पर्धेत वेळेला महत्त्व असते. भारतात लॉजिक मास्टर्स इंडिया ही संस्था राष्ट्रीय स्पर्धा घेते, जागतिक सुडोकू स्पर्धा २००६ मध्ये इटलीतल्या लुक्का येथे सुरू झाली, ती २००८ मध्ये गोव्यात आणि २०१७ मध्ये बंगळुरूत भरली होती. या स्पर्धांमध्ये साध्या सुडोकूइतकेच महत्त्व प्रकारांना असते, आणि तिथे उत्तर कसे काढले हे कोणी विचारत नाही. मला मात्र घरी बसून सोडवताना गृहीत धरणे मान्य नाही. हाताने रचलेल्या कोड्यात रचनाकाराने एक वाट आखून ठेवलेली असते. अडलो याचा अर्थ त्या वाटेवरचा पुढचा दगड अजून दिसलेला नाही एवढाच असतो, आणि तो न शोधता पाण्यात उडी टाकली तर त्या माणसाने आपल्याशी सुरू केलेले बोलणे आपण मध्येच तोडतो, असे मला मनापासून वाटते. अडले की मी पान बाजूला ठेवते, सुरसागर तलावाला एक फेरी मारून येते आणि परत आल्यावर अंकांकडे न पाहता नियम पुन्हा वाचते. बहुतेक वेळा ज्या नियमाकडे बराच वेळ पाहिलेले नसते तोच पुढचा दगड असतो.

आता आम्ही दोघी मिळून कोडी रचूही लागलो आहोत. सोडवताना जे कळत नाही ते रचताना कळते. अंक घालून कोडे सोपे करणे कोणालाही जमते, पण नियमांकडूनच काम करून घ्यायचे तर प्रत्येक रेषेने कुठेतरी बोलले पाहिजे आणि जिचे काही म्हणणे नाही ती रेषा काढून टाकली पाहिजे. सध्या हाती असलेल्या कोड्यात घोड्याचा नियम आहे, चार थर्मामीटर आहेत आणि मधल्या घरातला ५ हा एकच छापील अंक आहे. वरचा अर्धा भाग आता स्वच्छ सुटतो. खालच्या डाव्या चौकटीत मात्र ३ आणि ७ आपसांत जागा बदलू शकतात, म्हणजे उत्तरे दोन निघतात. तिथे एक अंक छापला तर प्रश्न मिटेल, पण त्याऐवजी शेजारचा थर्मामीटर एक घर लांबवून त्या दोघांना वेगळे करावे असे भाचीचे म्हणणे आहे. मलाही तेच योग्य वाटते, आणि रविवारी ती आली की आम्ही ते करून पाहणार आहोत.